'माझे गाव' : एका कोऱ्या वहीची गोष्ट



निबंधलेखनाच्या तासाला आपण जे विषय डोळे झाकून फळ्यावर लिहितो, त्यातला एक म्हणजे 'माझे गाव'. मुद्देही ठरलेले असतात. गावाचे नाव, नदी, देऊळ, शाळा, जत्रा आणि शेवटी 'म्हणून मला माझे गाव फार आवडते'. मीही हा विषय वर्षानुवर्षे दिला आणि वह्या तपासल्या. हा विषय एखाद्या मुलाला अडचणीचा वाटत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

माझी शाळा नारायण पेठेत आहे. पेठ म्हटली की बाहेरच्यांना केसरीवाडा, पत्र्या मारुती, मोदी गणपती आठवतात. आमच्या वर्गात बसून पाहिलेत तर पेठ बरीच वेगळी दिसेल. जुने वाडे पडून तिथे इमारती उभ्या राहत आहेत. त्या बांधणाऱ्यांची मुले आमच्याकडे येतात. उभ्या राहिलेल्या इमारतींची राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले येतात. स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मुले येतात. कुणी कलबुर्गीकडच्या तांड्यावरचे, कुणी बिहारचे, कुणी मराठवाड्यातले. 'पेठेतली मराठी शाळा' हे शब्द खरेच आहेत, फक्त त्यातली निम्मी मुले घरी मराठी बोलत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात मी हाच विषय दिला. तासाच्या शेवटी एका मुलाची वही कोरी होती. वरती शीर्षक, खाली समास, बस. वडील एका नव्या इमारतीचे वॉचमन, राहायला त्याच इमारतीच्या पार्किंगमधली खोली. (मुलांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.) मी लाल पेनाने 'निबंध अपूर्ण' असा शेरा मारला आणि पुढची वही घेतली.

आठ-दहा दिवसांनी गणिताची वही तपासताना शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढलेली एक उंच इमारत दिसली. प्रत्येक मजल्याच्या खिडक्या मोजून काढलेल्या. गॅलऱ्यांत कुंड्या, वाळत घातलेले कपडे. अगदी तळाशी कोपऱ्यात एक छोटा काळा चौकोन. त्याला जवळ बोलावून विचारलं, "हे काय रे?"

चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "आमचं घर."

"आणि वरचं सगळं?"

"बाबा लक्ष ठेवतात ते."

त्याचा निबंध त्याने लिहिला होता. मी तो चुकीच्या वहीत शोधत होते.

गाव कुठले, हा प्रश्न एवढा सोपा नाही

अशा मुलांना 'तुझे गाव कोणते' असे विचारले की ती अडखळतात. जन्म एका ठिकाणी, आजी दुसऱ्या ठिकाणी, पहिली-दुसरी तिसऱ्याच शहरात. कामासाठी गाव सोडणारी कुटुंबे आणि जिवाच्या भीतीने देश सोडणारी कुटुंबे यांत मोठा फरक आहे. पहिल्यांना आपण स्थलांतरित म्हणतो, दुसऱ्यांना निर्वासित. भीती, हिंसा, जवळच्या माणसांचे मृत्यू हे निर्वासित मुलांच्या वाट्याला फार जास्त येते आणि ते दुःख मी आमच्या वर्गातल्या मुलांवर चिकटवणार नाही. पण दोघांच्या दप्तरात एक गोष्ट सारखी असते. 'आपण जायचं' हे त्यांना कुणी विचारलेले नसते, फक्त सांगितलेले असते.

आपल्या महाराष्ट्राने दोन्ही प्रकारची मुले पाहिली आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. बांधकामावरच्या मुलांसाठी पुण्यात 'डोअर स्टेप स्कूल' १९८९ पासून काम करते आहे, 'तारा मोबाइल क्रेशेस' साइटवर पाळणाघरे चालवते.

आणि कोल्हापूरजवळचे वळिवडे? दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे भारतात आली. त्यातली सुमारे ५,००० माणसे १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिली. बहुतेक बायका आणि मुले. उपासमार आणि मृत्यू पाहून आलेली ही मुले. त्या छावणीत दवाखाना आणि चर्च तर होतेच, पण शाळा होत्या, स्काउटची पथके होती, रंगमंचही होता. पोट भरण्याइतकीच नाटक-गाण्याचीही गरज आहे, हे त्या मोठ्या माणसांना कळले होते. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे राहिली. आजचे गांधीनगर ते हेच.

चित्र काढून काय होते?

हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही विचारला गेला आणि पालकसभेतही. माझ्या अनुभवातून सांगते.

भाषा मध्येच बदललेल्या मुलाची दोन्हीकडून पंचाईत होते. घरच्या भाषेत शाळेतले शब्द नसतात, शाळेच्या भाषेत घरातले नसतात. मग ते गप्प बसते आणि आपण 'लक्ष नाही', 'मठ्ठ आहे' असे शेरे मारून मोकळे होतो. खडूला, मातीला, टाळीला मराठी यावे लागत नाही. दुसरे म्हणजे, आज रात्री कुठे झोपायचे हे ज्या मुलाच्या हातात नाही, त्याच्या हातात निदान कागदावरचा सूर्य कुठे काढायचा हे तरी असते. तिसरे, जे तोंडाने बोलायला भीती वाटते ते कागदावर किंवा बाहुलीच्या तोंडून आले की थोडे लांबून पाहता येते.

'आर्ट थेरपी' हा शब्द एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने १९४२ मध्ये पहिल्यांदा वापरला. क्षयरोगाने आजारी असताना चित्रे काढून त्याला स्वतःला उभारी मिळाली होती. पण मला यातले सर्वांत जवळचे नाव वाटते ते फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाईंचे. हिटलरच्या भीतीने पळून प्रागला आलेल्या निर्वासित मुलांना त्या १९३० च्या दशकात चित्रकला शिकवत. पुढे त्यांनाच तेरेझिनच्या यहुदी छावणीत डांबले, तर तिथेही त्यांनी मुलांचे वर्ग घेतले. मिळेल त्या कागदावर. मुलांना त्या चित्रांवर स्वतःचे नाव लिहायला लावत, कारण छावणीत माणसाचा नंबर झालेला होता. १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेऊन मारले. जाण्यापूर्वी त्यांनी साडेचार हजारांच्या आसपास चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून लपवली, ती आज प्रागच्या यहुदी संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुले मात्र वाचली नाहीत. प्रागमध्ये फ्रीडलबाईंच्या हाताखाली काम केलेली त्यांची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत गेली आणि आर्ट थेरपी या विषयाची पायाभरणी करणाऱ्यांत गणली गेली. म्हणजे या शास्त्राचे एक मूळ थेट निर्वासित मुलांच्या वर्गातच आहे.

आम्ही काय केले

आम्ही काही थेरपी केली नाही, हे आधीच सांगते. मी बी.एड. झालेली शिक्षिका आहे, थेरपिस्ट नाही. दर शनिवारी एक तास ठेवला, एवढेच. खर्चही जवळजवळ शून्य. पेठेत छापखाने आणि बाइंडिंगवाले अजून आहेत, त्यांच्याकडून पाठकोरे कागद आणि कटिंगचे तुकडे फुकट मिळाले.

१) वाटेचे चित्र. 'माझे घर काढा' असे मी एकदा सांगून बसले होते. साइटवर राहणाऱ्या एका मुलीने पत्र्याची खोली काढली आणि शेजारचा हसला. तिने कागद चुरगळला. तेव्हापासून मी घर काढायला सांगत नाही. 'तुम्ही सकाळी शाळेत येता ती वाट काढा' असे सांगते. वाट सगळ्यांना असते. त्या वाटेवर कुत्रे येते, चहाची टपरी येते, आणि ज्याला घर दाखवायचे आहे तो ते दाखवतो.

२) शाडूची माती. गणपतीच्या आधी पेठेत माती सहज मिळते. आमच्या पेठेत तर माती गणपतीच आहे! सगळे गणपती करणार असे मी धरून चालले होते. त्या पत्र्याच्या खोलीवाल्या मुलीने चूल केली, चुलीपुढे एक बसलेली बाई केली. "आजी," म्हणाली. आजी तांड्यावर राहिली होती. चार महिन्यांत तिने माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

३) बोटांचे खेळ आणि गाणी. लहान बाळाला खेळवताना तुमच्याकडे काय म्हणतात, ते घरी विचारून या, असे सांगितले. नेपाळी, भोजपुरी, गोरमाटी, कन्नड, मराठी असे सगळे जमा झाले. आमच्या कोऱ्या वहीवाल्याने त्याचे गाणे शिकवले. पेठेतली चुणचुणीत मुले उच्चार चुकवायची आणि तो दर वेळी थांबवून दुरुस्त करायचा. वर्गात चुकणे म्हणजे काय हे त्या दिवशी बाकीच्यांना कळले आणि बरोबर असणे म्हणजे काय, हे त्याला.

४) ताल. ढोल पथकांचा सराव नदीकाठी सुरू झाला की आमच्याकडे खिडकीतून आवाज येतोच. आम्ही बाकावर तोच ठेका हळू आवाजात धरायचो. हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू, मग शांत. चिडलेली, मारामारी करून आलेली मुलेसुद्धा या दहा मिनिटांत निवळतात.

५) मोज्याची बाहुली. जुना मोजा, दोन बटणे. बाहुलीला काहीही बोलायची मुभा. एका बाहुलीने सांगितले, "मला परत सामान बांधायचं नाहीये." कुणाची बाहुली होती ते मी सांगणार नाही.

एका आजीने काढलेले चित्र

पालकसभेत एक वडील उघडच म्हणाले, "मॅडम, चित्रं आणि बाहुल्या ठीक आहेत, पण स्कॉलरशिपचं काय? आणि बाहेरून आलेल्या मुलांसाठी आमच्या मुलांचा वेळ का?" त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. फी नसलेल्या शाळेतही पालकांच्या अपेक्षा असतात आणि असाव्यात.

उत्तर मी दिलेच नाही. नातवाला न्यायला आलेल्या एक आजी मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्या बोलल्या. "बाहेरून आलेली म्हणजे काय हो? एकसष्ट साली आम्ही याच पेठेतून बाहेर पडलो होतो."

१२ जुलै १९६१. पानशेत फुटले, मागोमाग खडकवासला गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजी तेव्हा चौथीत होत्या. म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांएवढ्याच. अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडले, कित्येक दिवस एका शाळेच्या वर्गात पाच कुटुंबांबरोबर काढले. पूर ओसरल्यावर परत आल्या तर वाड्याच्या भिंती खचलेल्या आणि घरात गुडघाभर चिखल. "माझी पितळेची भातुकली गेली," त्या म्हणाल्या. "आई म्हणाली, माणसं वाचली ना, मग भातुकलीचं काय रडतेस. तिचंही बरोबर होतं. मग मी रडले नाही."

मी त्यांना पुढच्या शनिवारी वर्गात बोलावले. त्यांनी मुलांना पुराची गोष्ट सांगितली. मुलांनी चित्रे काढली. पाणी, होडी, छपरावर चढलेली माणसे. मी एक कागद आजींपुढेही सरकवला. "मला कुठं येतंय," म्हणत त्यांनी खडू घेतला आणि खाली मान घालून बराच वेळ काढत राहिल्या. चूल, पातेली, परात, पोळपाट-लाटणे, बंब. एक एक भांडे. शेवटी म्हणाल्या, "एक छोटी विळीपण होती," आणि विळी काढली. तांड्यावरून आलेली ती मुलगी त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होती. तिने आजींच्या चुलीत लाल खडूने जाळ काढून दिला.

साठ वर्षांहून जास्त काळ ती भातुकली कुणी विचारली नव्हती. मुलांना विचारायला आपण साठ वर्षे थांबायचे का? त्या वडिलांनी नंतर काही आक्षेप घेतला नाही. खरं सांगायचं तर स्कॉलरशिपचा तासही आम्ही सोडला नाही.

माझी चूक

आता जे लिहायला मला जड जाते ते. दिवाळीच्या आधी साइटचे काम संपले. सोमवारी ती मुलगी आली नाही. मंगळवारी तिच्या खोलीच्या जागी फरशीचे ढीग होते. दाखला नाही, निरोप नाही, फोन बंद. कुठे गेली ते शेजाऱ्यांनाही सांगता आले नाही.

तिची सगळी चित्रे माझ्याकडे होती. कारण मी ती भिंतीवर लावली होती. फळ्याशेजारची भिंत किती सजली म्हणून पाहुण्यांनी कौतुकही केले होते. चिकटपट्टीने नीट चिकटवलेली वाट, विळी आणि चुलीचा जाळ. मातीची आजी कपाटावर. तिच्या हातात काहीच गेले नाही. माझ्या वर्गाच्या सजावटीसाठी मी तिच्या वस्तू ठेवून घेतल्या, याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

तेव्हापासून प्रत्येक मुलाची एक कापडी पिशवी असते. चित्र काढून झाले की नाव, तारीख घालून पिशवीत. पिशवी दर शनिवारी घरी जाते आणि मुलाच्या मनात असेल तर परत येते. भिंत आता रिकामी असते. तिची पिशवी मी शिवून ठेवली आहे, माझ्या कपाटात.

तुम्ही सुरू करणार असाल तर

- कुणावरही सक्ती नको. नुसते बसून बघणे हाही सहभागच.
- गुण, नंबर, स्पर्धा नको. 'काय सुंदर!' म्हणण्याऐवजी 'याबद्दल सांगशील का?' म्हणा. नाही सांगितले तर सोडून द्या.
- काळा रंग वापरला म्हणजे दुःखी, असले अर्थ काढू नका. कधी कधी डब्यात काळाच खडू उरलेला असतो.
- चित्रांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ते मुलाचे आहे.
- 'काय झालं होतं ते काढ' असे खोदून विचारू नका. जखम उघडणे सोपे, बांधायची कशी ते आपल्याला शिकवलेले नाही.
- मूल सतत दचकत असेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल, कुणी त्रास देत असल्याचे सुचवत असेल, तर चित्रकलेवर अवलंबून राहू नका. मुख्याध्यापकांना सांगा, समुपदेशकाकडे पाठवा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक स्टाफरूममध्ये लावून ठेवा. ज्यांना रीतसर शिकायचे आहे त्यांच्यासाठी पुण्यातच 'वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग' ही संस्था कलाधारित उपचाराचे प्रशिक्षण देते.

आणि एक कायद्याची गोष्ट, कारण तिच्यावाचून बाकी सगळे हवेत राहते. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ४ : मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि मागे पडला असेल तर विशेष प्रशिक्षण. कलम ५ : दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वस्तीवरच्या, साइटवरच्या आईवडिलांना हे माहीत नसते. आपण सांगायचे. ते निघून जाण्याआधी सांगायचे. मी आता जूनमध्येच प्रत्येकाला सांगते, "कुठेही गेलात तरी पोरीला शाळेत घाला, कागद नंतर येतील. आणि मला एक फोन करा."

पालकांनो, तुमच्या सोसायटीच्या खाली राहणाऱ्या मुलाला एकदा त्याचे नाव विचारा. तुमच्या मुलाचे उरलेले खडू आणि पाठकोरे कागद खाली द्या. बरोबर तुमच्या मुलालाही पाठवा, दोघे मिळून काहीतरी काढतील.

आमचा कोऱ्या वहीवाला आता सहावीत आहे. पाचवीत जाताना तो निबंधाची जुनी वही घेऊन आला होता. 'माझे गाव' च्या खाली त्याने चार ओळी लिहिल्या होत्या. शुद्धलेखनाच्या सहा चुका. गावात डोंगर आहे, तिथे आजोबा आहेत, इथे नदी आहे, इथे बाबा आहेत. शेवटची ओळ अशी : माझी दोन गावे आहेत आणि मला दोन्हीकडचे गाणे येते.

'निबंध अपूर्ण' हा माझा शेरा तसाच होता. मी तो खोडला, खाली सही केली आणि तारीख घातली.

तुमच्या वर्गात अशी कोरी वही असेल तर नक्की कळवा. तुम्ही काय केलेत, काय जमले नाही, तेही लिहा.